पडता येईल असा उतार

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच विदित करतो की, प्रस्तुत कथेमध्ये आमच्या कुटुंबातील पाच माणसांनी बर्फावर घसरण्यासाठी जागा कशी निवडली, ती निवडताना माझ्या हातून कोणती चूक घडली, आणि त्या चुकीच्या पोटातून एका माणसाचे हरवलेले धैर्य परत कसे निघाले, याचे कथन होणार आहे. कथेत पर्वत आहे, परंतु पर्वतावरचा पराक्रम नाही. कड्यावरून झेपावणारे नायक ज्यांना अभिप्रेत असतील, त्यांनी माझ्यावर राग न धरता येथूनच मागे फिरावे. उरलेल्यांनी जरा सावरून बसावे. कारण नीट बसणे हाच माझ्या आयुष्याचा विषय आहे.

मी सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. सगळे मला गादीवाले म्हणतात. मूळ नाव आता केवळ विजेच्या बिलावर उरले आहे. शिक्षण सातवीपर्यंत. मी शाळा सोडली की शाळेने मला, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. तथापि वाचनाची गोडी मला व्यवसायानेच लावली. जुन्या सोफ्याच्या फटीत हात घातला की कंगवे, किल्ल्या, पेन्सिली आणि क्वचित पुस्तके निघतात. कंगवे आणि किल्ल्या मी त्याच दिवशी परत करतो. पुस्तके वाचून झाल्यावर. माझ्या भाषेत जे काही वजन आहे ते लोकांच्या बुडाखालून आलेले आहे, हे सौभाग्यवतींचे मत मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

सौभाग्यवती त्याच दुकानात, खिडकीखालच्या यंत्रावर, सोफ्यांच्या खोळी शिवतात. आमची एकुलती एक कन्या लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते. जावईबापू चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून बसवतात. शांत, नेमके, कोणाकडेही बघताना डोळे किंचित बारीक करणारे. परंतु याच माणसाने पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधल्या की पांढऱ्या कापडावर कोणी सफाईदार टीप घालावी तशी तो उतारावर वळणे घेत असे. हे मी कन्येच्या मोबाइलवर पाहिले होते, आणि पाहून अभिमानाने दोनदा चहा मागवला होता.

मागच्या हिवाळ्यात ते पडले. डाव्या नडगीचे हाड मोडले. सळई बसली, प्लास्टर निघाले, पाय ठणठणीत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पाय ठणठणीत झाला हे आम्हा सर्वांना दिसले. आतले काही ठणठणीत झाले नव्हते, ते एकट्या कन्येला दिसले. पण ती तेव्हा बोलली नाही.

पाय मोकळा व्हावा म्हणून जावईबापू संध्याकाळी चालत आमच्या दुकानी येऊ लागले. एका मोडक्या खुर्चीवर बसायचे, दुसऱ्या मोडक्या खुर्चीवर पाय ठेवायचे आणि माझे काम बघायचे. एके दिवशी तीन जागांचा एक सोफा दुरुस्तीस आला होता. कडेची एक जागा पार खड्ड्यात गेलेली, बाकीच्या दोन टणक. मी तिन्ही उसवायला घेतल्या.

"बाबा, बसलीय एकच जागा. तिन्ही कशाला उघडताय?" त्यांनी विचारले.

मी दाभण खाली ठेवले. "एकच भरली तर ती नवी दिसणार. मग घरात येईल तो विचारणार, इथं कोण बसत होतं हो? आणि जो बसत होता, तो त्या जागेवर पुन्हा सुखानं बसणार नाही. तिन्ही सारख्या भरल्या की सोफा जुना झाला होता, एवढंच उरतं. माणसाचं नाव निघत नाही."

"आणि तीन खोळी मला शिवाव्या लागतात," यंत्रामागून सौभाग्यवती म्हणाल्या. "माणुसकी यांची, कंबर माझी."

जावईबापू हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. मी पुन्हा दाभण उचलले आणि ही गोष्ट विसरून गेलो. ते विसरले नव्हते, हे पुढे कळेल.

थंडी पडली तशी कन्येने आम्हा दोघांना जेवायला बोलावले. तेथे जावईबापूंची धाकटी बहीण आली होती. तिला घरात सगळे तुफान म्हणतात. ती रुग्णवाहिका चालवते, आणि जेवतेही तशीच. जेवण उरकता उरकता कन्या म्हणाली, "या वर्षी आपण सगळेच बर्फावर जाऊ या. आई-बाबा, तुम्हीसुद्धा."

"आम्ही?" सौभाग्यवतींचा घास हातात राहिला. "अगं, मला ओल्या फरशीवरून चालायची भीती वाटते!"

"म्हणूनच तर. नवशिक्यांना झेपेल अशी सोपी जागा बघू."

"सोपी?" तुफानने पाण्याचा पेला ठेवला. "वहिनी, वर्षातून एकदा जायचं आणि सोप्या जागी? दादा तर झोपेत उतरेल तिथं. काय रे दादा? मोठ्या डोंगरावर जाऊ. गेल्या वर्षीचा हिशेब चुकता करायचाय ना तुला?"

"बघू," जावईबापू म्हणाले. त्यांचा डावा हात टेबलाखाली गेला होता आणि नडगीवरून हळूहळू फिरत होता.

"आई-बाबा मोठ्या डोंगरावर काय करणार?" कन्या चिडली.

"फोटो काढतील!"

"तू गप्प बस गं जरा."

नणंद-भावजयींचा स्वर चढू लागला, तेव्हा जावईबापूंनी मध्येच सांगितले, "बाबांना ठरवू द्या. कुठली गादी कोणाला मानवेल, ते त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

हे शब्द मी छातीवर पदकासारखे मिरवीत घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी प्रवासाच्या कचेरीतून रंगीत पत्रके आणली आणि दुकानातल्या मोठ्या टेबलावर पसरली. प्रत्येकात निळे आकाश, पांढरा डोंगर आणि दात दाखवणारी माणसे होती. त्यावरून काही निर्णय होण्यासारखा नव्हता. तेव्हा मी स्वतःच्या बुद्धीने विचार मांडला. नवशिका माणूस पडणार, हे निश्चित. अर्थात नवशिक्यासाठी उताराची परीक्षा उतरण्याने नव्हे, तर पडण्याने व्हावयास हवी. पडणे सुखाचे कोठे होते? जेथे खाली मऊ असते तेथे. म्हणून ज्या डोंगरावर बर्फ सर्वांत मऊ आणि सर्वांत खोल, तो नवशिक्यांसाठी सर्वांत उत्तम. या सिद्धांतात मला एकही भोक दिसेना. मी एकेका ठिकाणी फोन लावून विचारू लागलो, "बर्फ मऊ आहे का? थर किती जाड?" शेवटी एका मोठ्या डोंगरावरचे गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "साहेब, आमच्याकडे कमरेपर्यंत! नुसता कापूस!"

कापूस हा शब्द कानी पडताच माझा निर्णय झाला.

"अहो, कापसात चालून बघितलंय का कधी?" सौभाग्यवतींनी शिलाई न थांबवता विचारले.

"चालायचं कुठं आहे? घसरायचं आहे."

"घसरून बघितलंय?"

मी पत्रकांची घडी घातली.

रविवारी चहाला सगळे आमच्याकडे जमले. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि त्या डोंगराचे नाव जाहीर केले. तुफानने उडी मारून माझ्या गळ्यात हात टाकले. "काका! तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! तिथल्या ताज्या बर्फासाठी लोक रांगा लावतात. दादा, ऐकलंस का?"

"छान निवडलंत, बाबा," जावईबापू म्हणाले. कप बशीवर ठेवताना तो खडखडला. बोटांच्या टोकांवर भिंगे तोलणाऱ्या माणसाच्या हातून कप खडखडावा, याचे मला नवल वाटले; परंतु नवलाच्या पुढे माझी मजल गेली नाही. कन्या मात्र माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या खुर्चीत वर टोक करून खिळा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली आणि उसवलेल्या आरामखुर्चीवर धपकन बसली.

"अगं, तिथं नको. स्प्रिंगा टोचतील."

"टोचू देत." तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तो मऊ बर्फातच पडला होता."

मला काही उमगेना.

"दाबलेल्या बर्फावर माणूस पडला तर पट्टी पायातून सुटते. तिथं सुटलीच नाही. खोल बर्फात रुतून बसली. अंग वळलं, पाय वळलाच नाही. तुम्ही तोच कापूस शोधून काढलात."

माझ्या हातात खरोखरीच कापूस होता. मी तो खाली ठेवला.

"पण मग जावईबापू बोलले का नाहीत?"

"तो कसला बोलतोय! माळ्यावरून पट्ट्या काढतो, पुसतो, मेण लावतो आणि परत ठेवतो. पायात घालत नाही. विचारलं तर म्हणतो, वेळ कुठंय. परवा म्हणाला, विकून टाकू या. बाबा, त्याला भीती वाटते. आणि भीती वाटते याची लाज वाटते. तुफानसमोर तर जीव गेला तरी कबूल करणार नाही. ती चल म्हणाली की तो मोठ्या डोंगरावर चढेल, आणि वर जाऊन..." तिने मान फिरवली. नाक पुसले. "म्हणून मी तुम्हा दोघांना पुढे केलं. तुम्ही असलात की सोपा उतार आपोआपच घ्यावा लागेल. तिथं तो गुपचूप एकदा उभा राहील, असं वाटलं. तुम्ही दोघं नुसतं निमित्त होतात."

"आणि मी निमित्तालाच कमरेपर्यंत पुरलं," मी म्हणालो.

ती रडता रडता हसली. मला हसू आले नाही. ज्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकून टेबलाखाली आपला पाय चोळला, त्याला मी पुन्हा त्याच खड्ड्याकडे धाडत होतो, आणि वर छातीवर पदक लावून बसलो होतो.

खिडकीखालचे यंत्र थांबले. सौभाग्यवतींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिन्ही उसवा."

"काय?"

"तुमचंच बोलणं. एकाची जागा बसलीय ना? मग आपल्या दोघांच्याही उसवा. आपण घाबरलो म्हणायचं. मी तर खरंच घाबरलेय, मला नाटकसुद्धा करावं लागणार नाही."

वाचकहो, पुस्तके मी वाचतो. परंतु अशा वेळी सुचते मात्र त्यांना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे बसने निघालो. गादी बसल्याशिवाय कळत नाही, हे मी साऱ्या जगाला सांगतो, आणि स्वतः मात्र फोनवरून गादी पसंत केली होती. ती चूक पुन्हा करावयाची नव्हती. पहिल्या जागी नवशिक्यांचा उतार उपाहारगृहाच्या मोठ्या काचेसमोर होता. आत सूप पीत बसलेली मंडळी पडणाऱ्यांकडे बोटे दाखवून हसत होती. आम्ही तेथे खालीदेखील बसलो नाही. दुसरी जागा म्हणजे एक बुटका, रुंद डोंगर. बसच्या वाहकानेसुद्धा त्याचे नाव जरा संकोचून घेतले.

तेथे नवशिक्यांचा उतार पाठीमागच्या अंगाला, उंच झाडांच्या रांगेआड होता. बसलेल्या गाईच्या पाठीइतका सौम्य, आणि खाली सपाट होत गेलेला, म्हणजे ज्याला थांबता येत नाही तोही आपोआप थांबावा. वर जायला अधांतरी पाळणे नव्हते. जमिनीलगत एक सरकता पट्टा होता, त्यावर नुसते उभे राहायचे. डोंगराच्या पलीकडच्या बाजूने एक खडा उतार होता, आणि तो वळसा घेऊन त्याच अंगणात येऊन मिळत होता. अंगणात बाकडी होती. मी एकूण एक बाकड्यावर बसून पाहिले.

"काय शोधताय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"कुठल्या बाकावरून कोणाला कोण दिसतं ते. उतार झाडाआड आहे, शेवट तेवढा दिसतो. शिवण आतल्या बाजूला हवी."

लाल कोट घातलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक शिकवणाऱ्या बाई आमच्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी त्यांना नमस्कार केला. "ताई, इथं बर्फ मऊ आहे का हो?"

"अजिबात नाही, काका. रोज सकाळी यंत्र फिरवून दाबतो आम्ही."

"मग पडल्यावर लागत नाही?"

"लागतं की थोडं. पण आपलं आपण उठता येतं. मऊ बर्फात लागत नाही, पण उठवायला दुसरा माणूस लागतो."

मऊ गादी पाठ मोडते आणि टणक गादी पाठ धरते, हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडत आलो होतो.

"हे तुम्हीच सांगत असता की लोकांना," सौभाग्यवती म्हणाल्या.

"तेच आठवत होतो."

"उशिरा आठवलं. पण आठवलं." असे म्हणून त्यांनी माझ्या मफलरचे टोक नीट आत खोचले.

पुनश्च चहा झाला, पुनश्च मी उभा राहिलो. नव्या जागेचे नाव ऐकताच तुफान किंचाळली, "काका, तो काय डोंगर आहे? तो गतिरोधक आहे!"

"अगं बाई, माझ्या गुडघ्यांना तोसुद्धा आभाळाएवढा," सौभाग्यवती म्हणाल्या. "परवा यांच्याबरोबर बघायला गेले, तर नुसतं बघूनच पाय लटपटले." हे खोटे होते. परतीच्या बसमध्ये "त्या सरकत्या पट्ट्यावर आधी मी चढणार" म्हणून त्या माझ्याशी भांडल्या होत्या.

"पलीकडून एक खडा उतार आहे तुझ्यासाठी," मी तुफानला म्हणालो. "आणि माझी एक अट आहे. आम्हाला परका शिकवणारा नको. पडायचं तर घरच्या माणसासमोर पडू. जावईबापूंनीच शिकवायचं."

जावईबापूंनी डोळे बारीक केले आणि नवे भिंग उजेडात धरून बघतात तसे माझ्याकडे बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "बरं."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही त्या अंगणात पोचलो. हवा स्वच्छ होती आणि बर्फ पायाखाली नव्या कापडासारखा करकरत होता. जावईबापू गुडघ्यावर बसून माझ्या पायात ते अवजड बूट चढवू लागले. मी संकोचलो. "अहो जावईबापू, माझे पाय कसले धरताय!"

"बूट आहे तो, बाबा. पाय आत आहे."

"संध्याकाळी भेटू, कासवांनो!" तुफान ओरडली आणि पलीकडच्या अंगाला निघून गेली. कन्या खाली थांबली. तिने आमच्याकडे पाठ केली होती आणि हातमोज्यात काहीतरी अडकल्याचे निमित्त करून ती तो पुन्हा पुन्हा काढत-घालत होती.

आम्ही तिघे सरकत्या पट्ट्यावरून वर गेलो. जावईबापूंनी आम्हाला सर्व समजावून सांगितले: गुडघे वाकवा, पट्ट्यांची टोके जवळ आणा, टाचा दूर ठेवा. आवाज स्थिर होता. परंतु पट्ट्या पायात अडकवल्यापासून ते स्वतः एक वीतभरही हलले नव्हते. त्यांच्या डाव्या पायाचे कापड थरथरत होते, आणि त्या दिवशी वारा नव्हता.

आम्हा नवराबायकोचे आधीच ठरले होते की मी खोटे पडायचे आणि त्यांना हाक मारायची. त्याप्रमाणे मी तयारी करू लागलो, तोच खराखुरा पडलो. ठरल्याआधी आणि ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त. टोपी एकीकडे, काठी दुसरीकडे. हाक मारण्यासाठी तोंड उघडले, तर त्यात बर्फ.

"बाबा! लागलं का?"

"थोडं," मी म्हणालो. आणि मग काय वाटले कोण जाणे, मी हाक मारलीच नाही. त्या लाल कोटाच्या बाईंचे शब्द आठवले. कुशीवर वळलो, हात टेकले, दोनदा पुन्हा कोलमडलो, आणि अखेरीस माझा मी उभा राहिलो. "लागतं, पण उठता येतं," मी त्यांना धापा टाकत सांगितले. जावईबापू माझ्याकडे आणि मग माझ्या पडण्याने उमटलेल्या खड्ड्याकडे बघत राहिले. खड्डा फारच उथळ होता.

"यांचं झालं. आता मला न्या," सौभाग्यवती म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "माझे हात धरा बघू. एकटीला नाही जमायचं मला."

"आई, तुमचे हात धरायचे तर मला तुमच्या पुढे राहावं लागेल. उलटं उतरावं लागेल."

"मग उतरा की उलटे. मागचं मी बघते."

ते थांबले. त्यांचा श्वास वाफ होऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला. मग त्यांनी सौभाग्यवतींचे दोन्ही हात धरले, उताराकडे पाठ केली आणि पट्ट्यांच्या कडा सैल सोडल्या.

"खाली बघू नका, आई. माझ्याकडे बघा."

"तुम्हीही माझ्याकडेच बघा."

आणि ती जोडी निघाली. सासू पुढे वाकलेली, जावई मागे मागे सरकणारा. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे असे टक लावून बघत होते, जणू सुईत दोरा ओवायचा आहे. सौभाग्यवतींचे ओठ सारखे हलत होते. त्या काय बोलत होत्या ते मी नंतर विचारले. "काही नाही," त्या म्हणाल्या, "यंत्रावर नवीन मुलींना शिकवते तेच. सावकाश, पाय हलका ठेवा, टीप आपोआप पडते." म्हणजे जावई सासूला बर्फ शिकवत होता, आणि सासू जावयाला शिवण. बर्फावर दोघांच्या पट्ट्यांच्या रेघा पडत गेल्या. पहिल्यांदा वेड्यावाकड्या. मग एक वळण. मग दुसरे, पहिल्यापेक्षा गोल.

खाली उतार सपाट झाला आणि ते दोघे आपोआप थांबले. हात तसेच धरलेले होते. जावईबापूंनी मान वर करून उताराकडे बघितले, आपण कोठून आलो ते बघावे तसे. कन्येच्या हातून हातमोजा गळून पडला. तिने तो उचललाही नाही.

जावईबापू पुन्हा सरकत्या पट्ट्यावर उभे राहिले आणि एकटेच वर आले. माझ्या शेजारी थांबले. मी त्या वेळी काठीला धरून, न पडण्याचे काम करीत होतो.

"बाबा," त्यांनी हळूच विचारले, "सोफ्याच्या तिन्ही जागा उसवल्यात ना?"

वाचकहो, एवढी पुस्तके वाचूनही त्या क्षणी मला शोभेसे एक वाक्य सापडेना. जे दुकानात रोज बोलतो तेच तोंडातून निघाले.

"सोफा जुना झाला होता, जावईबापू."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात थरथरत नव्हता. मग त्यांनी तोंड उताराकडे केले आणि एकटे निघाले. सावकाश. अगदी सावकाश. डाव्या पायावर वळण घेण्याची वेळ आली तेव्हा ते क्षणभर अडखळले, असे मला दिसले. आणि मग डावा पाय दाबून त्यांनी वळण पुरे केले. पांढऱ्या कापडावर टीप पडली.

तुफान पलीकडचा खडा उतार एव्हाना कितीदा उतरली होती कोण जाणे. ती वळसा घेऊन अंगणात आली तेव्हा तिचा दादा झाडांच्या आडून उतरत येत होता, लहान मुलाच्या वेगाने. मला वाटले, आता ही काहीतरी बोलणार आणि सगळ्यावर पाणी पडणार. तिने डोळ्यांवरचा चष्मा वर केला. बराच वेळ बघितले. त्याच्या पायाकडे बघितले, चेहऱ्याकडे बघितले, खाली उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितले. रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाला घाबरलेला चेहरा ओळखता येत असावा. तिने ओठ चावला आणि थेट आमच्या सरकत्या पट्ट्यापाशी आली. मी तेथे रांगेत होतो, म्हणजे पुन्हा एकदा पडून खाली पोचलो होतो.

"काका, सरका जरा."

"तू इकडे कुठे? तुझा उतार पलीकडे."

"मला हळू जाता येत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "कोणी शिकवलंच नाही." मग तिने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "ए दादा! मला पण धर!"

"तू नवशिकी कधीपासून?"

"आजपासून!"

जावईबापू हसले, आणि त्या दिवशी त्यांनी आम्हा साऱ्यांना पाळीपाळीने उतरवले. कन्येलासुद्धा; ती चांगली उतरते, तरी. दुपारनंतर मी बाकावर जाऊन बसलो. बाक थंडगार आणि टणक होता, परंतु बसायला उत्तम. सौभाग्यवती "एकदाच, शेवटचं" असे म्हणत सरकत्या पट्ट्यावर जात होत्या, आणि त्यांचे शेवटचे काही संपत नव्हते. गुडघ्यांचा विषय त्यांनी दिवसभरात एकदाही काढला नाही.

आता कन्येच्या घरी गेलो की स्कीच्या पट्ट्या माळ्यावर नसतात. दाराआड उभ्या असतात, छत्रीशेजारी. तुफानला त्यांची दर वेळी ठेच लागते आणि ती दर वेळी ओरडते. मोठ्या डोंगराचे नाव अजून कोणी काढलेले नाही. निघाले तर जावईबापूच काढतील.

माझ्यासारख्या अल्पशिक्षित माणसाचे हे लेखन आपण अखेरपर्यंत, एका जागी बसून वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. इतका वेळ बसल्याने आपली बैठक कोठे दबली असल्यास दुकान सकाळपासून उघडे असते. कोण बसले होते, हे विचारले जाणार नाही.

आपला आभारी,
गादीवाले